पापणी

भद्रावती पेठेत केबल आली त्या वर्षी
दुपारी एका चॅनलवर घोडे पळायचे.
काळेपांढरे घोडे, काळीपांढरी धूळ,
रुंद टोप्यांची माणसं
गुत्त्याचं अर्धं दार छातीनं ढकलत आत शिरायची.
सगळं इंग्रजीत.
आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी,
शेठपुढं जराशी हिंदी.
इंग्रजी फक्त टॉवेलच्या खोक्यांवर, एक्स्पोर्टची.

म्हणजे त्या पडद्यापुढं आम्ही सगळेच बहिरे.
अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत,
नाना रात्रपाळीचे डोळे चोळत,
मी दप्तर उशाला घेऊन.
आणि मल्लेशम, आमचा जन्माचा बहिरा,
तोच आम्हाला सांगायचा काय चाललंय:
हा खोटं बोलतोय, त्याचा गळा बघा.
ही आता रडणार.
तो कोपऱ्यात पत्ते पिसणारा, तोच मारणार.
आणि तोच मारायचा.
नाना म्हणायचे,
"हा सोडून सगळ्यांचे कान फुकट गेले."

शेडमध्येही तसंच होतं.
बारा माग चालू असले की
कुणाचं कुणाला ऐकू येतंय?
कांडी संपली, धोटा अडकला, शेठ आला,
सगळं बोटांवर.
नवी पोरं त्याच्याकडूनच बोलायला शिकली.

मग एका दुपारी गोष्टीत तो आला.
पंधरा-सोळाचा, गालाला माती,
गळ्यात घंटी,
गावाला तो ऐकू यावा म्हणून.
कुणीतरी मागून खांद्यावर हात ठेवला, तो दचकला,
आणि मल्लेशम पाट सोडून
थेट पडद्यापाशी जाऊन बसला,
इतका जवळ की काचेवर श्वास उठला.
"दिसू दे की रं," मी ओरडले.
कुणाला ओरडले कोण जाणे.

त्या पोरानं खून बघितला होता.
बिल्लेवाला त्याच्या तोंडावर वाकून
ओठ ताणून ताणून विचारत होता
(पोस्टातला कारकून असाच विचारतो,
दाजी पेठेतला वाणीसुद्धा)
आणि पोरगा हात हलवायला लागला.
मल्लेशम वळला. मला खुणेनं म्हणाला,
काय सांगतोय?
त्यानं मला असं कधी विचारलं नव्हतं.
मी बघितलं.
बोटं नुसती चालत होती,
सूत न लावलेल्या मागासारखी.

मग बार निघाला.
पोरगा आमच्याकडं तोंड करून उभा,
पाठीमागं धूर.
वळला नाही. हलला नाही.
पण त्याची पापणी
एकदा, इतकुशी,
लवली.

मल्लेशम हसला,
त्या घशातल्या हसण्यानं,
ज्याला शेजारची लेकरं भ्यायची.
कानाला बोट लावून सांगितलं: ह्याला येतंय.

दाखल्यासाठी त्याला सिव्हिलला नेला होता तेव्हा
डॉक्टरनं मागून स्टीलचा ट्रे पाडला.
मी, नाना, बाकावरची बाळंतीण, पेंगणारा शिपाई,
सगळे उडालो.
हा खिडकीतून
कडुनिंबावरचा सरडा बघत होता.
डॉक्टर म्हणाला, परत एकदा.
तीनदा पाडला.

पुढं काय झालं कळलंच नाही, लाईट गेली.
ते त्याला आमच्या आधी कळलं, तळव्यांतून.
गल्लीतले माग एकदम थांबले
आणि माणसं सवयीनं
अजून थोडा वेळ ओरडतच राहिली.

दाराच्या उजेडात बसून
बाकीची गोष्ट त्यानंच सांगितली:
बार निघतो. पोरगा शेंगा सोलत राहतो.
पापणी, बघा, ही अशी, उघडी.
बिल्लेवाला घोड्यावरून उतरतो,
टोपी काढून धुळीत ठेवतो,
त्याच्यासमोर उकिडवा बसतो
आणि बोटांनी, चुकतमाकत, विचारतो,
कुणी मारलं?

अम्माच्या हातातलं पान तसंच राहिलं.
"मग?"

मल्लेशमनं तळहातावरची टरफलं फुंकली.
सांगतो, म्हणाला.
आधी चहा.